‘ग्रॅन टोरिनो’मधली शिवी नेमकी कुणाला लागते?

सिनेमात वंश आणि संस्कृतींची टक्कर कशी दाखवतात यावर बोलायला बसलं की गाडी लगेच ‘हा सिनेमा वंशद्वेषी आहे का’ या प्रश्नावर येऊन थांबते. मला तो प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही, कारण हो किंवा नाही म्हणून लोक मोकळे होतात आणि पडद्यावर काय चाललंय ते बघायचं राहूनच जातं. म्हणून एकच सिनेमा घेतलाय आणि तो जरा उसवून बघायचाय. क्लिंट ईस्टवूडचा ‘ग्रॅन टोरिनो’. डिसेंबर २००८ मधे आला, दिग्दर्शन त्याचं, मुख्य रोल पण त्याचाच, वय तेव्हा ७८. जगभरात साधारण २७ कोटी डॉलर कमावले, ईस्टवूडच्या दिग्दर्शनातला तोवरचा सगळ्यात मोठा हिट, आणि हे सगळं अशा सिनेमाने केलं ज्यात हिरो दर दोन-तीन मिनिटांनी कुणाच्या तरी वंशावरून शिवी हासडतो आणि थिएटर हसतं. (शेवट सांगणार आहे, त्याशिवाय बोलताच येणार नाही, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघून या.)

गोष्ट थोडक्यात. वॉल्ट कोवाल्स्की, पोलिश वंशाचा अमेरिकन, कोरियन युद्धात लढलेला, मग आयुष्यभर फोर्डच्या कारखान्यात. बायको नुकतीच गेलीय, मुलांशी पटत नाही, एक मुलगा टोयोटाच्या धंद्यात आहे आणि हे वॉल्टच्या मनाला कायम टोचतं. वस्तीतले जुने गोरे शेजारी कधीच निघून गेलेत आणि बाजूच्या घरात एक ह्मोंग कुटुंब आलंय. त्यातल्या थाओ नावाच्या पोराला त्याच्याच चुलतभावाची गँग वॉल्टची १९७२ ची ग्रॅन टोरिनो ही फोर्डची गाडी चोरायला लावते, तो पकडला जातो, आई त्याला भरपाई म्हणून वॉल्टकडे कामाला पाठवते, आणि म्हातारा हळूहळू या पोराचा बाप बनत जातो. गँग सुधारत नाही, थाओच्या बहिणीवर, सूवर, बलात्कार होतो, आणि शेवटी वॉल्ट बिनहत्यारी त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो, गोळ्या खातो, ते सगळे जेलमधे जातात. गाडी मृत्युपत्रात थाओला.

आता हे ह्मोंग कोण, हे सिनेमा एका सीनमधे उरकतो, पण तो सीन चांगला आहे. वॉल्टच्या ट्रकमधे सू त्याला सांगते की ह्मोंग हा देश नाही, लोक आहेत, लाओस, थायलंड, चीनच्या डोंगरांतले, आणि व्हिएतनामच्या वेळी आम्ही तुमच्या बाजूने लढलो. मग इथे थंडीत मिडवेस्टमधे, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात, का आलात, असं वॉल्ट विचारतो, तर ती म्हणते दोष लुथरन लोकांना (हा प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) द्या. हा जोक खराय. १९६० च्या दशकात सीआयएने लाओसमधे जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंग लोकांची फौज उभी केली, अमेरिकेत त्याचा गाजावाजा नव्हता म्हणून त्याला गुप्त युद्धच म्हणतात. १९७५ मधे अमेरिका निघून गेली, मग मागे राहिलेल्यांची धरपकड आणि कत्तल सुरू झाली, लोक मेकाँग नदी पार करून थायलंडच्या छावण्यांत पोचले, आणि तिथून त्यांना अमेरिकेत आणून वसवण्यात चर्चच्या संस्थांचा, त्यातही लुथरनांचा, मोठा हात होता. त्यामुळे आज मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या पट्ट्यात ह्मोंग वस्ती इतकी दाट आहे. स्क्रिप्ट लिहिणारा निक शेंक मूळचा तिथलाच, एका कारखान्यात ह्मोंग लोकांबरोबर काम केलेला, आणि कथाही आधी मिनेसोटातच घडत होती.

मग ती मिशिगनला का गेली? पैशांमुळे, साधी गोष्ट आहे. २००८ मधे मिशिगनने शूटिंगच्या खर्चावर ४२ टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली आणि ईस्टवूडचं युनिट डेट्रॉइटला उतरलं, बरंचसं शूटिंग हायलंड पार्कमधे झालं. हायलंड पार्क म्हणजे डेट्रॉइटच्या पोटात असलेलं वेगळं छोटं शहर. १९१३ मधे फोर्डची चालती असेंब्ली लाइन इथेच सुरू झाली, तेव्हा फोर्डचा रिटायर कामगार दाखवायला याहून चांगली जागा नाही, हे मान्य. पण ती जागा निवडली की तिथला इतिहास पण बरोबर येतो, आणि तो सिनेमाने आत येऊच दिला नाही.

१९ जून १९८२. विन्सेंट चिन नावाचा २७ वर्षांचा चिनी वंशाचा तरुण, लग्न आठवड्यावर आलेलं, मित्रांबरोबर हायलंड पार्कमधल्या एका क्लबमधे बसलेला. तिथे क्रायस्लर या गाड्यांच्या कंपनीतला एक सुपरवायझर आणि त्याचा कामावरून काढलेला सावत्र मुलगा यांच्याशी बाचाबाची झाली, तुमच्यासारख्यांमुळेच आमचे जॉब गेले अशा अर्थाचं तो सुपरवायझर बोलल्याची साक्ष आहे. जपानी गाड्या आल्या आणि अमेरिकन कारखाने बसले, तो राग त्या वेळी हवेत होता, लोक घण घालून जपानी गाड्या फोडायचे आणि त्याचे फोटो पेपरात यायचे. चिन जपानी नव्हता, पण चेहरा बघणाऱ्याला तेवढं पुरलं. क्लबबाहेर त्याचा पाठलाग करून त्या दोघांनी त्याला गाठलं, एकाने धरलं आणि दुसऱ्याने बेसबॉलच्या बॅटने डोकं फोडलं, चार दिवसांनी तो गेला. शिक्षा काय झाली तर तीन वर्षं प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड. एक दिवसाचीही जेल नाही, कारण न्यायाधीशाच्या मते ही जेलमधे पाठवण्यासारखी माणसं नव्हती. पुढे फेडरल कोर्टात नागरी हक्कांचा खटला झाला, सुपरवायझर १९८४ मधे दोषी ठरला, अपिलात तो निकाल उलटला, आणि १९८७ मधे सिनसिनाटीत फेरसुनावणी होऊन तो सुटला. आशियाई वंशाच्या अमेरिकन लोकांची एकत्र चळवळ खऱ्या अर्थाने उभी राहिली ती या केसमधून.

आता परत वॉल्टकडे बघा. गाडीच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस, जपानी गाडी दिसली की कपाळावर आठी, आशियाई चेहरा दिसला की तोंडात शिवी. आणि हा माणूस हायलंड पार्कमधे शूट झालेल्या सिनेमात फक्त एक खडूस पण मनाने चांगला म्हातारा आहे! मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, सवलत जिथे मिळाली तिथे कॅमेरा लावला, बहुतेक कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. पण त्याच गावात त्याच रागाने एकाचा जीव घेतलेला असताना तो राग नुसता म्हाताऱ्याच्या स्वभावाचा भाग म्हणून दाखवला की त्याचं वजनच निघून जातं. द्वेष जिभेवर राहतो, हातात कधी येत नाही. गाडीचोरीचा सीन सोडला तर हातात बंदूक येते तेव्हा वॉल्ट ह्मोंग लोकांचं रक्षण करत असतो, आणि आशियाई माणसावर प्रत्यक्ष हल्ला करणारे सिनेमात दुसरे आशियाईच आहेत.

अजून एक, यावर फार कमी बोललं जातं. सिनेमा आला तेव्हा हायलंड पार्कमधे दहातले नऊ लोक कृष्णवर्णीय होते आणि डेट्रॉइटमधेही पाचातले चार. सिनेमात लक्षात राहतील असे कृष्णवर्णीय किती, तर कोपऱ्यावर सूला अडवणारी तीन पोरं, बस. वॉल्ट येतो, पिस्तूल काढतो, ती गप्प होतात. ज्यांचं शहर त्यांनाच असं धमकीपुरतं कोपऱ्यावर उभं केलंय.

बरं, आता शिव्यांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. सिनेमाचे चाहते म्हणतात की वॉल्ट सगळ्यांनाच शिव्या देतो, पोलिश, इटालियन, आयरिश, कुणालाच सोडत नाही, म्हणजे तो समान वागतो, आजकालच्या लोकांना जोक कळत नाहीत वगैरे. याला उत्तर सिनेमातच आहे, न्हाव्याच्या दुकानातला सीन. वॉल्ट थाओला ‘पुरुष कसे बोलतात’ हे शिकवायला मार्टिन न्हाव्याकडे घेऊन जातो. मार्टिन इटालियन वंशाचा. वॉल्ट आत जाऊन त्याला वंशावरून शिवी देतो, तो उलट वॉल्टला पोलिश म्हणून शिवी देतो, दोघं खूष. मग थाओला म्हणतात तू बाहेर जा, परत ये आणि तसंच बोल. पोरगं येतं, ऐकलं तसंच घडाघडा बोलतं, आणि न्हावी सरळ बंदूक उचलून त्याच्यावर रोखतो. अर्थात गंमत म्हणून. थाओ हादरतो, दोघं म्हातारे हसतात, थिएटर हसतं.

सीन लिहिलाय झकास, मीही हसलो पहिल्यांदा. पण हिशेब मांडा ना. वॉल्टने मार्टिनला शिवी दिली तर बदल्यात शिवी, थाओने दिली तर बदल्यात बंदूक. मग त्याला धडा मिळतो की समोरच्याला शिवी नको देऊस, बॉसबद्दल, गाडीबद्दल, बायकांबद्दल कुरकुर कर, म्हणजे आधी आपली जागा ओळख. पोलिश आणि इटालियन म्हातारे एकमेकांना शिव्या देऊ शकतात कारण त्या शिव्यांचं विष त्यांच्या बाबतीत केव्हाच उतरलंय, दोघंही आता नुसते गोरे आहेत, घरं झाली, नोकऱ्या झाल्या, पेन्शन आलं. थाओला मिळणाऱ्या शिव्या कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांतून आलेल्या आहेत आणि रस्त्यावर अजून चालतात. बरं, गंमत अशी की सीन हा फरक अगदी अचूक दाखवतो, ती रोखलेली बंदूक म्हणजेच तो फरक आहे, पण संगीत, कट, म्हाताऱ्यांचे चेहरे, सगळं आपल्याला सांगतं की पोरगा आता ‘आपल्यातला’ होतोय.

याच्या उलट वागणारा एक सीन पण याच सिनेमात आहे, म्हणून मला तो पूर्ण फेकून द्यावासा वाटत नाही. पोर्चवरची आजी. वॉल्ट त्याच्या पोर्चवर बसून तिच्याकडे बघून पुटपुटतो, ह्मोंग आजी तिच्या पोर्चवर बसून तिच्या भाषेत म्हणते की सगळे गोरे गेले, हा म्हातारा अजून इथे काय करतोय. वॉल्ट थुंकतो. आजी तोंडात साठलेलं त्याच्या दुप्पट जोरात थुंकते. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि दोघांचं म्हणणं तंतोतंत एकच आहे! इथे हसू दोघांवर सारखं वाटलं जातं, आणि आजीला ते हसू मिळवायला चांगलं वागावं लागत नाही, कुणाचे आभार मानावे लागत नाहीत, वॉल्टकडून काही शिकावं लागत नाही. अख्ख्या सिनेमात त्याच्या तोडीस तोड उभी राहणारी बाई ही एकच, आणि सूसुद्धा, पण सूचं काय होतं ते बघूच.

तपशिलांबद्दल थोडक्यात. कौतुक हे की ह्मोंग पात्रांना ह्मोंग नटच घेतले, मिनेसोटा, कॅलिफोर्निया, मिशिगनमधल्या वस्त्यांत जाऊन शोधले, बहुतेकांनी आधी कॅमेरा बघितलेला नव्हता, आणि कुठलाही आशियाई चेहरा कुठेही चिकटवायची हॉलिवूडची जुनी खोड बघता हे खरंच मोठं पाऊल होतं. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात ह्मोंग माणसं मुख्य पात्रं म्हणून पहिल्यांदा इथेच दिसली. पण पोराचं पूर्ण नाव थाओ वांग लोर, आणि थाओ, वांग, लोर ही तिन्ही ह्मोंग कुळांची नावं आहेत. कुळ ही त्या समाजात सगळ्यात मोठी गोष्ट, एका कुळातली मुलं-मुली भाऊबहीण धरतात, लग्न चालत नाही. अशा समाजातला चुलतभाऊ ज्या गँगमधे आहे तिनेच बहिणीची ही अवस्था करायची, हे कथेला सोयीचं आहे म्हणून घडतं, पण नंतर सगळी मावश्या-काका-मामांची मंडळी, कुळातले वडीलधारे, जे अशा वेळी एकत्र बसतात, ते कुठे गेले? सिनेमात त्यांच्याकडे करण्यासारखं काहीच नाही. ते जेवण आणतात, वॉल्टच्या पायऱ्यांवर फुलं आणि डबे ठेवतात, आणि रडतात.

आणि इथे तळघराचा सीन येतो. सूवर हल्ला झाल्यावर थाओ पेटलाय, त्याला आत्ता जाऊन हिशेब चुकता करायचाय. वॉल्ट त्याला घरी बोलवतो, खाली तळघरात नेतो आणि बाहेरून कडी घालतो. पोरगं आतून दार बडवतंय आणि म्हातारा दाराच्या जाळीतून त्याला सांगतो की कोरियात मी तुझ्यासारख्याच एका घाबरलेल्या पोराला मारलं, ते शरण येत होतं, तुझ्या हाताला रक्त लागू नये. माणूस म्हणून बघितलं तर सीन जबरदस्त आहे, ईस्टवूडचा आवाज फाटतो तिथे. पण जरा लांबून बघा. ह्मोंग कुटुंबावर अत्याचार झाला, आणि त्याचं उत्तर द्यायच्या वेळी त्या कुटुंबातला एकमेव तरुण मुलगा कथेने कडीकुलपात घातलाय, म्हणजे शेवट वॉल्टला करता यावा. त्याने कोरियातल्या मुलांना मारलं, आता लाओसच्या मुलासाठी मरतो, आणि हिशेब जुळतो. कुणाचा हिशेब? कोरिया वेगळा, लाओस वेगळं, ती मुलं वेगळी, पण वॉल्टच्या पश्चात्तापाला तो फरक लागत नाही. सुरुवातीला त्याला सगळे आशियाई सारखे वाटत होते तो त्याचा दोष म्हणून दाखवला, शेवटी सिनेमालाच सगळे सारखे चालतात आणि तो त्याग म्हणून दाखवला जातो. हात पसरून पडतो तेव्हा वरून कॅमेरा, क्रूसावरचा येशू, काही कल्पनेवर सोडलेलं नाही.

आता त्या मुलाची बाजू. थाओचा रोल करणारा बी वांग तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, मिनियापोलिसजवळचा शाळकरी पोरगा. त्याने पुढे वेळोवेळी बोलून दाखवलंय की पात्र इतकं दबलेलं लिहिलं होतं की त्याला पाठीचा कणा द्यायला जागाच नव्हती. त्याने मानववंशशास्त्रज्ञ लुइसा शाइन यांच्याबरोबर लेख लिहिले, मुलाखती दिल्या, आणि न्हाव्याच्या दुकानाच्या त्या सीनची टर उडवणारा एक व्हिडिओ पण यूट्यूबवर टाकला, ज्यात थाओ मान खाली घालून धडे घेत नाही. मला वाटतं सिनेमावरची सगळ्यात चांगली समीक्षा तीच आहे. मग २०२१ मधे, कोविडच्या काळात अमेरिकेत आशियाई लोकांवर हल्ले वाढले होते तेव्हा, त्याने एनबीसी या अमेरिकन वृत्तवाहिनीसाठी लेख लिहिला. त्यात मुद्दा हाच होता की या सिनेमाने आशियाई लोकांना पडद्यावर जागा दिली आणि त्याच वेळी त्यांच्याविरुद्धचा द्वेष हसण्यावारी न्यायला पण मदत केली, आणि थिएटरमधलं ते हसू त्याला आजही सलतं. ईस्टवूडने त्याचं काही वाईट केलं असं तो म्हणत नाही. हसणाऱ्यांबद्दल बोलतोय तो. यावर लोक म्हणतात की पडद्यावरचा माणूस शिवी देतो म्हणजे सिनेमा तिला पाठिंबा देतो असं नसतं, आणि ते बरोबरच आहे, फक्त या सिनेमात शिवीनंतर थांबा कुठे येतो, कुणाचा चेहरा दिसतो, हे मोजून बघा. बहुतेक वेळा वॉल्टचाच. ज्याला शिवी लागली त्याचा चेहरा आला तर तो पण हसतोय किंवा गोंधळलाय, दुखावलेला चेहरा जवळपास नाहीच.

मला स्वतःला यातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं ते सूचं. अॅनी हर नावाच्या मुलीने केलाय हा रोल आणि काय केलाय! शिवी आली की शिवी परत न करता ती अशी टोलवते की वॉल्ट गप्प. ती त्याला वॉली म्हणते, घरी ओढत जेवायला नेते, डोक्याला हात लावू नको कारण आत्मा तिथे असतो, डोळ्यात बघू नको, हे सगळं हसत हसत समजावते. ह्मोंग मुली कॉलेजला जातात आणि मुलं जेलमधे, असं स्वतःच्या समाजाबद्दल बोलायची हिंमत आणि हक्क दोन्ही तिच्याकडे आहेत. अर्धा सिनेमा तिच्या जिभेवर चालतो. मग बलात्कार होतो, ती रक्ताळलेल्या चेहऱ्याने दारातून आत येते, आणि तिथून शेवटपर्यंत तिला जवळजवळ एक वाक्य नाही. राग वॉल्टला येतो, रडतो वॉल्ट, हात आपटून घेतो वॉल्ट, निर्णय घेतो वॉल्ट, कोंडला जातो थाओ. सू अंत्यविधीला पारंपरिक पोशाखात बसलेली दिसते. वकील मृत्युपत्र वाचतो तेव्हा घर चर्चला जातं आणि गाडी थाओला.